आमच्या चालीतला तिसरा ठोका

आमच्या गावच्या मंडळाची एक चाल आहे. गणपतीत पुरुष पायात घुंगरू बांधून जाखडी नाचतात, गोल फिरतात आणि या चालीवर प्रत्येक ओळीच्या शेवटी पायाने तीन ठोके देतात. बाबा ती फिडलवर वाजवायचे. गिरणीत असताना त्यांनी जुन्या बाजारातून फिडल आणली. पुढे गिरणी गेली, अंधेरीत वॉचमनची नोकरी आली, फिडल मात्र राहिली. चाल बाबांचीच, हे सगळं मंडळ मानत होतं. जाखडीवाल्यांत दुसऱ्याची चाल उचलली असं कुणी म्हटलं, तर माणसं लग्नाचं बोलावणंसुद्धा बंद करतात.

गेल्या वर्षी मंडळाने ती रेकॉर्ड करायचं ठरवलं. बाबांचा हात आता कापतो, म्हणून वाजवायचं माझ्या गळ्यात पडलं. मी बोरीवलीच्या घरी सराव करत होते. आई आत तांदळाच्या भाकऱ्या थापत होती आणि तोंडाने काहीतरी गुणगुणत होती. मी मध्येच थांबले, ती थांबली नाही. चाल तीच होती, फक्त माझ्यापेक्षा बरी.

विचारलं, तर म्हणाली की लग्नाआधीपासूनची आहे, तिने स्वतःच केलेली. भाकऱ्या करताना काहीतरी तोंडात हवं ना.

मला फार राग आला. थोडा स्वतःचाही आला, कारण इतकी वर्षं मीही मैत्रिणींना ‘आमच्या बाबांची चाल’ असं ऐटीत सांगत आले होते. मी तडक बाबांना गाठलं. ते नाकबूल करतील असं वाटलं होतं.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "पण बाईने चुलीपुढे केलेली चाल म्हटलं असतं, तर मंडळात कोण नाचलं असतं गो?"

गाण्याआधी चाल कोणाची ते सांगायची आमच्यात पद्धत आहे. रेकॉर्डिंगमध्ये तिथे आईचं नाव आलं नाही, तर मी वाजवणार नाही, असं मी सांगून टाकलं. बाबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पेपर मात्र माझ्याआधी वाचून घडी मोडून ठेवत होते, तेवढा सूड त्यांना पुरला.

स्टुडिओत मंडळाचे सगळे उभे होते. बाबा माइकपाशी गेले, देवाचं नाव घेतलं, गुरूंचं घेतलं. मग घसा खाकरून आईचं नाव घेतलं, आणि तिच्या माहेरच्या गावाचंही. दोघातिघांनी माना खाली घातल्या. पण घुंगरू बांधलेले होते, नाचले सगळे. माझे डोळे भरून आले आणि पहिली ओळ बेसूर गेली. ती पुन्हा घ्यावी लागली.

घरी आई भाकऱ्या थापत होती, तिथेच मोबाइलवर तिला ऐकवलं. स्वतःचं नाव आलं तेव्हा तिने गॅस बारीक केला. बाबा दारात उभे होते. पूर्ण ऐकून झाल्यावर ती त्यांच्याकडे वळली.

"तीन ठोके कुठले काढलेत? दोनच थापा आहेत. तिसऱ्याला मी पाण्यात हात बुडवते."

बाबा मोरीत जाऊन हात धुऊन आले आणि परातीपुढे बसले.

"दाखव," म्हणाले.