मोठ्या काकांचं गुलाबपाणी

काका गेल्याचा निरोप शाळेत आला, तेव्हा शिकवत होते तो वर्ग तसाच सोडून मी टांग्याने पाटणकर बाजारातल्या घरी पोचले. तोवर माणसं जमली होती आणि ‘काय ती करारी मान!’ सुरू झालं होतं. तेरावं होईपर्यंत मी त्या मानेची स्तुती ऐकली. आता महिना उलटून गेलाय, तेव्हा थोडं खरं लिहायला हरकत नसावी.

माझे वडील लवकर गेले, म्हणून मी मोठ्या काकांकडे वाढले. त्यांची धाकटी विधवा बहीण, वेणूआत्या, घर सांभाळायची. काका म्हणजे संस्थानच्या दरबारात कोणी कुठे बसायचं ते पाहणारे अधिकारी. बाजूने कोणी मुजरा केला तर ते ढुंकूनही बघत नसत. ज्याच्याशी बोलायचं त्याच्याकडे अख्खी मान वळवत. आमच्या लश्कर शहरभर याला रुबाब म्हणत, आणि काकांनीही तो समज मोठ्या प्रेमाने जपला. खरी गोष्ट एवढीच, की त्यांना बाजूचं दिसतच नव्हतं.

सकाळ-संध्याकाळ दार लावून ते डोळ्यांत थेंब घालत. विचारलं तर, “गुलाबपाणी.” पुढे वेणूआत्याही उंबऱ्याला अडखळायला लागली, वाढताना भात पानाबाहेर पडायला लागला. काका चारचौघांत खेकसायचे, “डोळे आहेत की बटणं? जरा देखून चालत जा!” तिने एकदा भीतभीत विचारलं, तर म्हणाले, “मोतीबिंदू असेल. पिकू दे, मग काढू.” ती बिचारी पिकायची वाट पाहत बसली...

तेराव्यानंतर शेजारच्या मुरार गावचे डोळ्यांचे डॉक्टर भेटायला आले. आत्या भिंत चाचपत बाहेर आली आणि ते बोलता बोलता थांबले.

“बहनजी को ले आइए, कितनी बार कहा था उनसे! यह बीमारी खानदान में चलती है।”

मग सगळं बाहेर आलं. काकांना काचबिंदू होता. डोळा बधिर करून, त्यावर नवं यंत्र टेकवून डॉक्टरांनी आतला दाब मोजला होता. हा रोग बहुतेकदा दुखतखुपत नाही, कडांकडून नजर खात येतो. गेलेली नजर परत येत नाही, पण उरलेली थेंबांनी टिकवता येते, आणि सख्ख्या भावंडांना तपासायलाच हवं, हे त्यांनी काकांना केव्हाच समजावलं होतं. काकांनी थेंब तेवढे घेतले आणि तोंड मिटलं. बहिणीला मुरारला नेलं असतं तर त्यांच्याही डोळ्यांचा बोभाटा झाला असता, हुद्दा गेला असता! शेवटच्या सकाळपर्यंत या गृहस्थांनी वर्तमानपत्र वाचलं. मला त्यांची किळस येते, आणि क्रियाकर्माने ती कमी झालेली नाही.

दुसऱ्याच दिवशी आत्याला मुरारला नेलं. उजवा डोळा गेलाय. डाव्यात किल्लीच्या भोकातून दिसावं एवढं उरलंय.

आता रोज काकांच्याच आरामखुर्चीत बसवून मी तिला थेंब घालते. त्या खोलीत उजेड चांगला आहे. पहिल्या दिवशी थेंब झोंबला तशी तिने माझा हात धरला.

“दादाचं गुलाबपाणी ते हेच का गं?”

“हो.”

तिने पदराने गालावर ओघळलेला थेंब टिपला. मग म्हणाली, “डोळे थकतात म्हणून मी एकदा मागितलं होतं त्याच्याकडे... म्हणाला, वेणू, हे तुझ्या काही कामाचं नाही.”

आणि माझा चेहरा शोधायला तिने अख्खी मान वळवली.