अक्काच्या साडीवरचा लाल डाग

लिंबू चिरलं की आजही मला सेलूचं आमचं अंगण आणि अक्काची लग्नाची पांढरी साडी आठवते. धम्मदीक्षा घेऊन घराला वीसेक वर्षं झाली होती, तरी लग्नातली हळद काही सुटली नव्हती. त्या सकाळी कुणाचा तरी हळदीचा हात साडीच्या पदराला लागला आणि आत्यानं घाईघाईनं तो डाग धुण्याच्या सोड्यानं चोळला, तर पिवळा डाग रक्तासारखा लाल झाला. बायका भोवती गोळा झाल्या. "लय वंगाळ झालं. लगीन पुढं ढकला," आत्या म्हणाली, आणि अक्का रडायला लागली. तिकडं मानवतहून वऱ्हाड निघालं होतं. मी नववीत होते, आम्ल आणि अल्कली नुकतंच वर्गात शिकले होते. "आत्या, अपशकुन न्हाई, सोडा हाय त्यो," म्हणत मी डागावर लिंबू पिळलं. लाल रंग सगळ्यांदेखत पिवळा झाला. आत्यानं पदर उजेडात धरला, मग मुद्दाम पुन्हा सोडा चोळला. पुन्हा लाल! "आता कर बरं पिवळं." मी केलं. तिसऱ्यांदा तिनं माझ्या हातातलं लिंबू घेऊन स्वतःच पिळलं आणि खदखदून हसली. उरलेला पिवळा डाग कडक उन्हात फिका पडला. वऱ्हाड दारात आलं तेव्हा आत्या विहीणबाईंना पाणी द्यायचं सोडून, हळदीच्या चिंधीवर सोडा आणि लिंबू करून दाखवत उभी होती. पुढं मी जन्मभर मुलांना हाच प्रयोग शिकवला, पण तिच्या थाटात मला तो एकदाही जमला नाही.