महालक्ष्मीची गोळी

हे मी लिहावं का, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. विषय बायकांचा, त्यातून सख्ख्या बहिणीचा, आणि मी पुरुष. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चार ओळी लिहिता येतात, एवढाच माझा अधिकार. ताईला विचारलं, तर ती म्हणाली, "नाव नको टाकू माहं. अन् मले येडी नको दाखवू." येडी ती नव्हतीच. चुकलो मी. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचं गाव जानेफळपासून जवळ. घराच्या मागच्या पडवीत खुंटीवर एक निळी गोधडी टांगलेली असते आणि खाली पालथा घातलेला तांब्या. पाळी आली की घरातली बाई चार दिवस त्या गोधडीवर असते. चुलीला, देवाला, माठाला हात लावत नाही. आम्ही त्याला नुसतं 'बसणं' म्हणतो. कुणी कुणाला काही सांगत नाही. गोधडी खाली दिसली की पुरुषांनाही कळतं आणि आम्ही न कळल्यासारखं वागतो.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असताना चार-पाच महिने ताई बसलीच नाही. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. बारावीनंतर घरीच ब्लाउज शिवायची. आई येता-जाता खुंटीकडे पाहायची. शेवटी ती ताईला मेहकरला डॉक्टरणीकडे घेऊन गेली. डॉक्टरणीनं गोळ्या लिहून दिल्या: दहा दिवस घ्यायच्या, मग थांबायचं, आणि पाळी आली की तपासण्यांसाठी परत यायचं.

मी दिवाळीच्या सुट्टीत बुलढाण्याहून घरी आलो, तेव्हा तिच्या गोळ्यांचा तिसरा दिवस होता. पाकीट शिलाई मशीनच्या खणात होतं. मी त्यावरचं नाव वाचलं. ते मला पाठ होतं. दरवर्षी भाद्रपदात, महालक्ष्म्या म्हणजे गौरी बसायच्या आधी, आई मला चिठ्ठी देऊन मेडिकलवर पाठवायची. सणात पाळी येऊ नये म्हणून घरातल्या बायका तीच गोळी घ्यायच्या. आमच्याकडे तिला महालक्ष्मीची गोळीच म्हणतात.

"ताई, ही तर थांबवायची गोळी हाय," मी म्हणालो. "तुही तर आधीच थांबेल हाय."

"डॉक्टरणीले कळत नाही का?"

"मेडिकलवाल्यानं चुकून दिली असंल. मी बीएस्सीले हाव, मले कळते."

"बीएस्सीत हे शिकवते का बे?" ती हसली. पण तिनं पाकीट माझ्या हातात दिलं.

विचारून येतो म्हणून मी ते बॅगेत टाकलं. विचारलं नाही. मेडिकलच्या काउंटरवर चार माणसांत काय विचारणार होतो? तीन खाचा रिकाम्या, सात भरलेल्या, असं ते पाकीट माझ्याबरोबर होस्टेलवर गेलं.

त्याआधी, सुट्टी संपता संपता, गोधडी खाली आली होती. आईचा चेहरा मोकळा झाला. "आली ना आपल्या आपण," ती वडिलांना ऐकू जाईल इतपत म्हणाली, "आता काऊन जायचं मेहकरले?" तपासण्या राहून गेल्या. मला मनातून बरं वाटलं. माझं बरोबर निघालं होतं.

मग दर महिन्याला गोधडी खाली येऊ लागली. मी महिन्यातून एकदा-दोनदा गावी जायचो, आणि दिसायचं ते विचित्र होतं. ताईच्या पाळीला कधीच धरबंध नव्हता. आता कॅलेंडरवरच्या एकाच आकड्याला ती बसत होती. पूर्वी बसली की तिचं पोट असं दुखायचं की पाय छातीशी घेऊन पडून राहायची, आईला गरम पाणी मागायची. आता भिंतीला पाठ टेकून, ताठ बसून, ब्लाउजांना हूक लावत असायची. तिचं तोंड अंगणाकडे, पण पाहणं कुठेच नाही. मला ते दिसलं. दिसलं आणि मी मान वळवली, कारण तिथे पाहायचं नसतं हे लहानपणापासून अंगात मुरलेलं.

भाद्रपद आला. आईनं चिठ्ठी दिली. "ताईची तारीख महालक्ष्म्यांतच येऊन राह्यली. गोळी आण."

मेडिकलवर माझ्यापुढे एक म्हातारी उभी होती. दुकानदारानं दिलेलं पाकीट तिनं डोळ्यांजवळ धरलं. "ही त महालक्ष्मीची गोळी हाय. माह्या नातीची येतच नाही, अन् तुम्ही थांबवायची देता?"

माझंच वाक्य.

"आजी, गोळी एकच हाय," दुकानदार म्हणाला. "घेत राह्यलं तोवर धरून ठेवते, सोडली का मंग पाळी येते. डॉक्टरनं लिहिल्या तितक्या पुऱ्या घेऊ द्या. मधातच बंद नका करू."

मी घरी आलो. ताई मशीनवर होती. आई अंगणात आहे हे पाहून मी ताईला सगळं सांगितलं. तिचा पाय चालूच होता. शिवण संपल्यावर तिनं दोरा तोडला.

"माही आलीच नाही," ती म्हणाली. "दिवाळीतबी नाही, अन् त्याच्यानंतर एकदाबी नाही."

"मंग तू बसत होती ते?"

"आई त्या खुंटीकडे पाहे. सारखी पाहे. मले वाटे तिथं मीच टांगेल हाय." तिनं दुसरा तुकडा सुईखाली सरकवला. "अन् तू बीएस्सीवाला. तुले खोटं पाडू का? चार दिवस भाकरी थापा लागत नाही, हेबी हाय."

मला हसता आलं नाही. दहा महिने ती त्या कोपऱ्यात बसून होती, आणि आत काय बंद पडलं होतं, काय वाढत होतं, कुणी तपासलं नव्हतं. कारण मी पाकीट बॅगेत टाकलं होतं. आजही रस्त्यात दोरीवर निळं कापड वाळताना दिसलं की मला तिची ताठ पाठ दिसते.

मी म्हणालो, आत्ताच आईला सांगू. ती म्हणाली, "सण होऊ दे. मीच सांगीन."

सणाआधीचे चार दिवस आणि सणाचे तीन दिवस तिनं गोळी घेतली. महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, उठल्या. ताईनं पुरण वाटलं, मुखवटे पुसले. पाहुणे जाईपर्यंत घे म्हणून आईनं आणखी तीन दिवस घ्यायला लावली. सगळ्या मिळून दहा झाल्या. मी बुलढाण्याला परतलो आणि गोळी संपल्यापासूनचे दिवस मोजू लागलो. तिसरा. चौथा. फोन करून काय विचारायचं, हे मला तेव्हाही कळत नव्हतं. पाचव्या दिवशी काही नाही.

सहाव्या दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना आईच्या नंबरवरून फोन आला. मी बाहेर येऊन उचलला. ताई होती.

"आईले सांगतलं सगळं," ती म्हणाली. "लय बोलली. तुलेबी बोलणार हाय, तयारीत राह्य. सोमवारी मेहकरले जाऊन राह्यलो तपासणीले."

"मी येतो," मी म्हणालो. "अन् ताई..."

पुढचं मला विचारता येईना. मशीनचा आवाज नव्हता. मागून आई म्हणाली, पाणी तापलं, देते.

"आली," ताई म्हणाली. "पोट लय दुखून राह्यलं, भाऊ."