सिनेमा लावणारा मुलगा

जगात इतकी माणसं टीव्ही पाहतात, पण टीव्हीच्या मागे काय चाललं आहे ते फक्त माझ्या मावससासूबाईंना दिसतं, असं माझं ठाम मत आहे. मावससासू म्हणजे बायकोची मावशी. झाशीत, ओरछा गेटच्या आतल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर त्या एकट्या राहतात. घर दोन खोल्यांचं, पण स्वयंपाकाच्या चिंचोळ्या जागेला त्या अजून मुदपाकखानाच म्हणतात. जुन्या हिंदी सिनेमांचं एक चॅनल त्या सकाळी देवपूजेच्याही आधी लावतात. देव कुठे पळून जात नाहीत, सिनेमाची नावं मात्र सुरुवातीलाच येतात, हा त्यांचा हिशोब. मावशींची पक्की खात्री अशी, की त्या चॅनलच्या मुंबईच्या कचेरीत एक मुलगा बसतो आणि आज कोणता सिनेमा लावायचा ते तो एकटा ठरवतो. त्या मुलाचं नाव त्यांना ठाऊक नाही, तोंड पाहिलेलं नाही. तरी त्याच्या घरातलं सगळं त्यांना कळतं, आणि ते माझ्या घरातल्यापेक्षा लवकर कळतं.

उदाहरणार्थ, मध्यंतरी ओळीनं कोर्टाचेच सिनेमे लागले. आम्ही म्हटलं, असेल काहीतरी. मावशी म्हणाल्या, "जागेचा खटला आहे त्याचा. भाऊबंदकी." मग अचानक बहिणीच्या पाठवणीचा सिनेमा लागला, तर मावशींनी डोळे पुसले आणि मुदपाकखान्यात जाऊन शिरा केला. "कशाबद्दल?" मी विचारलं. "अहो जावईबापू, बहिणीचं जमलं त्याच्या. तुम्ही बँकेत काय करता हो दिवसभर, एवढं कळत नाही?" मी टहरौलीच्या शाखेत काय करतो, हा प्रश्न मलाही अधूनमधून पडतो, त्यामुळे मी शिरा खाल्ला. एकदा भर दुपारी भुताचा सिनेमा लागला तेव्हा त्यांनी निर्णय दिला की मुलाकडे सासू राहायला आली आहे. आणि एकाच आठवड्यात आंधळ्या नायिकेचे दोन सिनेमे लागले, तेव्हा मला बोलावणं धाडलं. त्याच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तुमच्या बँकेची मुंबईत ओळख असेल तर बघा.

आता याला वेड म्हणावं, तर त्याला खानदानी आधार आहे. मावशींचे यजमान शहरातल्या एका टॉकीजचे मॅनेजर होते. नवे सिनेमे वरून ठरून यायचे, पण मॅटिनीला कोणता जुना सिनेमा लावायचा ते काकांच्या हातात. काका अबोल माणूस. घरात जे बोलायचं ते ते मॅटिनीला लावत. सकाळी आमटी खारट झाली की दुपारी छळल्या गेलेल्या नवऱ्याचा सिनेमा. मावशी माहेरी सागरला गेल्या की विरहाचा, आणि मुक्काम लांबला की विरहात नायक मरतो तो. गल्लीतून भोंगा लावलेला टांगा सिनेमाचं नाव ओरडत जायचा आणि मावशी पोळ्या लाटता लाटता समजून घ्यायच्या की आज यजमानांची स्वारी कशी आहे. "आमची भांडणं सगळ्या झाशीनं तिकिटं काढून पाहिली," असं त्या अभिमानानं सांगतात. आणि त्या माहेराहून परतल्या की दुसऱ्या दिवशी विनोदी सिनेमा. आपण का हसतो आहोत हे झाशीला माहीत नसायचं, मावशींना माहीत असायचं. काका गेले, टॉकीजच्या जागी गाद्यांचं दुकान आलं, पण सिनेमा लावणारा माणूस काहीतरी सांगत असतो ही मावशींची श्रद्धा तसूभर हलली नाही.

ती हलवण्याचं काम शेजारच्या बिऱ्हाडातल्या इंजिनिअर साहेबांनी अंगावर घेतलं होतं. हे कऱ्हाडकडचे. नोकरीसाठी इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यात आले, निवृत्त झाले, पत्नी गेल्या, आणि इथेच राहिले. त्यांचं मराठी धुतलेलं, आमचं हिंदीत बुडवून काढलेलं. आम्ही "पंखा चालव" म्हटलं की ते "लाव" म्हणून दुरुस्त करतात. मावशींच्या दृष्टीनं ते कालचे पाहुणे. "आम्ही घोड्यावरून आलो, हे बदलीवर," एवढ्या एका वाक्यात त्या दोन-अडीचशे वर्षांचा इतिहास मिटवतात. तरी रोज संध्याकाळी इंजिनिअर साहेब स्वतःची खुर्ची उचलून मावशींकडे येत, आणि सिनेमापेक्षा वाद जास्त वेळ चाले.

"वहिनी, तिथं मुलगाबिलगा कोणी नाही. ज्या सिनेमांचे हक्क घेतलेत ते कॉम्प्युटर फिरवत राहतो. आमच्या कारखान्यात पण शेवटी शेवटी..."

"तुमच्या कारखान्यात यंत्रं होतात, इंजिनिअर साहेब. सिनेमे नाही."

"अहो, पण याला पुरावा?"

"पुरावा काय मागता? परवा श्रावणी सोमवारी शंकराचा लावला की नाही त्यानं?"

"आणि काल अंगारकीला डाकूंचा लावला, तो?"

"काल त्याचं डोकं दुखत होतं."

खालच्या मजल्यावरची भाभी जिन्यातूनच भर घालायची, "मौसीजी, अपने लड़के से कहो कभी रंगीन भी लगा दे!" तिला गाण्यांचे सिनेमे हवे असत, इंजिनिअर साहेबांना रहस्याचे, मावशींना मुलगा लावील ते, पण तक्रार करून. मी न्यायाधीश. "तुम्हीच सांगा जावईबापू," असं दोन्हीकडून आलं की मी जावयाला शोभेल असा निवाडा देई: दोघांचंही बरोबर आहे. या निवाड्याबद्दल बायको मला घरी जाताना स्कूटरवर जे ऐकवते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

यंदा दिवाळीनंतर मात्र अघटित घडलं. चॅनलवर एकच सिनेमा सकाळी लागला, तोच दुपारी, तोच रात्री. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच, आणि मध्येच तुटून पहिल्यापासून सुरू. इंजिनिअर साहेब विजयी मुद्रेनं आले. "बिघाड! बघा, माणूस असता तर असं केलं असतं का?" मावशींनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. "आजारी आहे तो," त्या म्हणाल्या. "उठून दुसरं रीळ लावायची ताकद नाही त्याच्यात. जावईबापू, फोन लावा."

फोन लावणं हे माझं शौर्याचं क्षेत्र नाही. बँकेत मी ग्राहकाचाही फोन दुसऱ्याला देतो. पण मावशी समोर, इंजिनिअर साहेब खुर्ची पुढे ओढून बसलेले, बायको माझ्याकडे पाहतेय. चॅनलचा नंबर शोधला, स्पीकर चालू केला. आधी एक बाई 'एक दाबा, दोन दाबा' सांगत राहिली. मावशी तिलाही "हो गं, दाबतायत" म्हणाल्या. शेवटी एक खरीखुरी मुलगी बोलू लागली. मी घसा साफ करून जे हिंदी बोललो, ते झाशीत जन्मलेल्या माणसाला लाज आणणारं होतं. मावशींनी फोन ओढून घेतला.

"बेटा, वो जो लड़का फिल्में लगाता है, उसकी तबीयत कैसी है?"

मग ती मुलगी फार अदबीनं म्हणाली, "मैम, फिल्में तो सिस्टम से लगती हैं। ऑटोमैटिक। दो दिन से दिक्कत थी, आज ठीक हो जाएगी।"

"और सिस्टम को कौन बताता है, क्या लगाना है?"

"पहले एक सर देखते थे मैम। अब वो पोस्ट नहीं है।"

"कहाँ गए?"

"पता नहीं मैम, मैं नई हूँ।"

मावशींनी फोन माझ्या हातात दिला. "म्हणजे होता," एवढंच बोलल्या.

इंजिनिअर साहेब इतकी वर्षं जे म्हणत होते ते खरं ठरलं होतं. जिंकलेल्या माणसाचा इतका पडलेला चेहरा मी पाहिलेला नाही. ते उठले, खुर्ची उचलली, दारापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "वहिनी, होता हे तर तुमचंच बरोबर निघालं." खुर्ची घेऊन ते निघून गेले.

संध्याकाळी सिनेमा बदलला, पण मावशींनी टीव्ही बंद केला तो केलाच. "पंगतीला वाढणारा हवा," त्या बायकोला म्हणाल्या. "वाढणारा कमी वाढो, जास्त वाढो, मी त्याला बोलेन. नळाखाली ताट धरून कोणी जेवतं का?" मग त्या देवासमोर जास्त वेळ बसू लागल्या, आणि ज्यांना हे ठीक वाटलं नाही त्यांत देवही असावेत. आम्ही गेलो की कुशल विचारायच्या, चहा द्यायच्या, आणि गप्प. त्यांनी माझ्या बँकेचीसुद्धा टिंगल केली नाही, तेव्हा मी खरा घाबरलो. भाभी जिन्यातून हाक मारून परत जायची. इंजिनिअर साहेब संध्याकाळी आपल्याच दारात खुर्ची टाकून भिंतीकडे बघत बसायचे.

त्यांनीच मग सीपरी बाजारातून टीव्हीच्या मागे खोचायची एक डबी आणली. हवा तो सिनेमा, हवा तेव्हा. "वहिनी, आता तुमचं राज्य. तुम्हीच निवडा." मावशींनी शिष्टाचार म्हणून निवडले. एक लावला, दहा मिनिटांत बंद. दुसरा लावला, गाण्याआधीच बंद. "मी लावला की तो मी का लावला ते मला ठाऊक असतं," त्या म्हणाल्या. "मग त्यात बघायचं काय उरलं, जावईबापू?" मला यावरही निवाडा सुचेना. दोघांचंही बरोबर म्हणायला समोर दुसरं कोणी नव्हतं.

आणि मग एका रविवारी दुपारी आम्ही तिथे असताना इंजिनिअर साहेब खुर्चीसकट आत आले. रिमोट उचलला. "आज मी लावतो. मला विचारू नका." आणि त्यांनी जो लावला, त्याला तोड नाही. राजेरजवाड्यांचा, पुठ्ठ्याच्या तलवारींचा. समुद्रात जहाज, आणि जहाजामागचा पडदा वाऱ्यानं हलतोय. राजपुत्र त्या जहाजातून जो जातो, तो सिनेमा संपत आला तरी परत येत नाही.

पाच मिनिटं मावशी सहन करत होत्या. मग म्हणाल्या, "हा? रविवारी दुपारी? जेवलेल्या माणसांना?"

"चांगला आहे."

"काय चांगला आहे? घोडा बघा, टांग्याचा आहे तो. पाठीवर पट्ट्याचे वळ दिसतायत."

"वहिनी, गोष्ट बघा, घोडा काय बघता!"

"आम्ही घोडा बघणारच. आमचे पूर्वज..."

"बसले होते, ठाऊक आहे!"

भाभी धावत वर आली, "शुरू हो गया क्या?" तिला सिनेमा सुरू झाल्याचा आनंद होता की भांडण सुरू झाल्याचा, ते विचारायची गरज नव्हती. मावशींनी राजाच्या दाढीवर, राणीच्या चपलांवर, निवडणाऱ्याच्या अकलेवर तोंडसुख घेतलं. इंजिनिअर साहेब प्रत्येक मुद्द्याला उत्तर देत होते आणि प्रत्येक उत्तर मार खात होतं. मी बायकोकडे पाहिलं, तिनं पदर तोंडाला लावला होता. हसू लपवायला असेल, असं मी समजलो.

म्हातारा राजा गच्चीवर उभा राहून समुद्राकडे बघतो, तो प्रसंग आला. मावशी बोलता बोलता थांबल्या. पडद्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. इंजिनिअर साहेबांचा मुलगा कॅनडात असतो आणि रविवारी सकाळी त्याचा फोन येतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

"फोन नाही आला?" मावशींनी विचारलं.

"कुणाचा? छे हो. सहज लावला मी हा. यादीत वरच दिसला म्हणून."

"सहज कोणी लावत नाही, भाऊजी."

इतक्या वर्षांत त्यांना 'भाऊजी' म्हणताना मी पहिल्यांदा ऐकलं. इंजिनिअर साहेबांनी चष्मा काढला, पुसला, आणि तो स्वच्छ होता तरी पुन्हा पुसला. "दोन रविवार झाले," ते म्हणाले. मावशी उठल्या. जाता जाता बायकोला म्हणाल्या, "ताटं घे गं. हे जेवूनबिवून आलेले नाहीत. दुपारी जेवलेला माणूस असला सिनेमा लावत नाही." आणि मुदपाकखान्यातून ओरडल्या, "बंद करू नका! पुढे काय होतं ते मला बघायचंय."

संध्याकाळी परतताना बायको स्कूटरवर गप्प होती. आज निवाडा मी दिलाच नव्हता, त्यामुळे ऐकवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं. ओरछा गेटच्या गर्दीतून बाहेर पडल्यावर ती मागून म्हणाली, "घरी गेल्यावर आज तुम्ही लावा सिनेमा."

"कोणता लावू?"

"ते मी सांगितलं तर काय उपयोग?"

ऑटो, हातगाड्या, माणसं चुकवत मी सीपरी बाजारापर्यंत आलो. लग्नाला इतकी वर्षं झाली, मला पाठ असलेले सिनेमे शेकड्यांनी असतील. एकेक आठवून पाहत होतो, आणि दर वेळी वाटत होतं, नको, हा लावला तर हिला कळेल. मग वाटलं, कळू दे.