मोजणीवाला

नव्या रस्त्यावर गरम डांबराचा वास आला, की आत्यासोबत मानोऱ्याजवळच्या जुन्या दगडखदानीवर चढलेली ती दुपार आठवते. आत्याचा नवरा त्याच खदानीत सुरुंगाने गेला होता. खदान बंद पडली, तरी ती दरवर्षी त्या जागी मेणबत्ती लावायला जायची.

त्या दिवशी वर एक अनोळखी माणूस तिपाईवरच्या दुर्बिणीतून टेकडी न्याहाळत होता. दगडांवर चुन्याच्या ताज्या खुणा होत्या. आत्याने मेणबत्ती पदराखाली लपवली.

"काय करून राह्यले भाऊ?"

"मोजणी. इथे कोणी येतं का, बाई?"

आत्या त्याच्या वहीकडे बघत राहिली. खरं सांगितलं तर हा आपलं येणंच बंद करेल, अशी तिला शंका आली.

"इथं कायले कोन येईन? आमी तं बकरी शोधून राह्यलो."

त्याने ते लिहून घेतलं. आम्हाला पाणी विचारलं. आत्याने माझा हात दाबला, तशी मी नको म्हणाले. मेणबत्ती न लावताच आम्ही उतरलो, पण त्याला बनवलं म्हणून आत्या खुशीत होती.

दोन वर्षांनी रस्ता आला. पलीकडच्या लहानशा देवळाला त्याने वळसा घातला आणि खदानीतून सरळ गेला. आता वाटतं, इथे कोणी येतं का, हे त्या माणसाने खरंच विचारलं होतं.