हळदीच्या कागदावरची आत्या

काल अमरावतीत नातीच्या शर्टावर वरण सांडलं. साबण लावताच पिवळा डाग तांबडा झाला. नात दचकली आणि त्या ओल्या हळदीच्या वासासरशी मी अकोटच्या आमच्या ओसरीवर जाऊन बसले.

शाळेत बाईंनी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेले कागद दिले होते. काडीला कापूस गुंडाळायचा, साबणाच्या पाण्यात बुडवायचा आणि चित्र काढायचं. पिवळ्यावर तांबडी रेघ उमटायची. चुकलं तर लिंबाचा थेंब लावायचा, की रेघ पुन्हा पिवळी! बाईंनी कारणही समजावलं होतं, पण माझं सारं लक्ष त्या रंगात.

घरी आत्या वातींसाठी कापूस निवडत बसली होती. मी तिचंच चित्र काढायला घेतलं. नाक, डोळे, अंबाडा झाला आणि हात आपसूक कपाळाकडे गेला. बाईचा चेहरा म्हटला की कुंकू, एवढंच मला ठाऊक. ठिपका तांबडा झाल्यावर ध्यानात आलं, की नवरा गेल्यावर आत्या माहेरी आली तेव्हापासून तिचं कपाळ मोकळंच होतं.

मी घाईघाईनं लिंबू उचललं. आत्यानं माझं मनगट धरलं.

"काहून पुसून राहिली वं?"

"चुकलं, आत्या."

ती कितीतरी वेळ चित्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "राहू दे तसंच. त्या लिंबाचं शरबत कर आपल्या दोघींले."

तेव्हा मला वाटलं, तिला तहान लागली असेल.