दामूकाकांची बरणी

लोकांच्या न्हाणीघरात घंगाळ असतं. बुऱ्हाणपूरच्या इतवारा पेठेत आमच्या शेजारी दामूकाकांच्या न्हाणीघरात सिनेमाची फिल्म धुतली जायची. काका स्वतः आंघोळ करायचे अंगणातल्या नळावर, थंडीतसुद्धा! एका लहानशा संस्थानात राजेसाहेबांचे सिनेमे काढणं ही त्यांची नोकरी. संस्थान विलीन झालं, नोकरी गेली, आणि बक्षीस मिळालेला कॅमेरा नि प्रोजेक्टर घेऊन काका बुऱ्हाणपुरात परतले.

फिल्मवरचं चित्र उमटवणारं पाणी, म्हणजे डेव्हलपर, ते चिनी मातीच्या बरणीत ठेवत. एक रीळ धुतलं की त्यातलं पेलाभर काढून टाकायचं आणि तेवढंच ताजं, कडक घालायचं. "सगळं जुनं फेकायचं नाही, सगळं नवं ओतायचं नाही. बरणी जिंदा राहिली पाहिजे, भई!" हे इतक्यांदा ऐकवत की मला वीट यायचा. पण त्यांची चित्रं काय देखणी निघत!

नदीवरच्या राजघाटावर त्यांनी माझ्या दादाचं, बाळूचं, रीळ घेतलं. पुढच्याच महिन्यात विषमज्वरानं दादा गेला. घरात त्याचा साधा फोटोही नव्हता. आईनं अंथरूण धरलं. "भाऊजी, माझा बाळू एकदा चालताना दाखवा हो," एवढं एकच मागणं.

रीळ धुवायचा दिवस ठरला, आणि आदल्या दिवशी नेमकं ग्रहण. ग्रहण सुटल्यावर घरातलं साठवणीचं पाणी ओतून द्यायची रीत. काकूंनी हंडे-कळशा रिकाम्या केल्या आणि त्याच भरात बरणीही मोरीत उपडी केली!

"मला मेलीला काय ठाऊक!" काकू रडायला लागल्या.

"जाने दो," काका म्हणाले. "ग्रहण चंद्राला लागलं होतं, भोवलं माझ्या बरणीला." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "नवा डेव्हलपर आडदांड असतो, पोरी. चित्र खाऊन टाकतो. एखादं रीळ त्यात धुतलं की मग निवतो. उन्हाळा तोंडावर आलाय, गरमीनं न धुतलेलं चित्र उडतं, बाळूचं रीळ ठेवून चालणार नाही. आधी माझं घालतो."

कोरी फिल्म शिल्लक नव्हती, आणि त्यांचं न धुतलेलं एकच रीळ होतं, संस्थानच्या शेवटच्या दरबाराचं. त्यात, कॅमेरा घटकाभर मदतनिसाकडे असताना, राजेसाहेबांनी स्वतःच्या हातानं काकांना शेला पांघरवला होता. ते धुवायला त्यांचा हातच धजत नव्हता इतके दिवस.

"काका, त्यात तुमचा शेला आहे!"

"शेला पेटीत आहे की. बाळू कुठं आहे?"

दरबाराचं रीळ पांढरंफटक निघालं. राजेसाहेब नाहीत, हत्ती नाही, काका नाहीत. काकांनी ते उजेडाकडे धरून पाहिलं, पेलाभर काढलं, पेलाभर घातलं, आणि दादाचं रीळ घेऊन दार लावलं. माझ्यावर उपकार करणारी माणसं पुष्कळ भेटली, पण इतकं काही उधळून वर चेहरा इतका साधा ठेवणारा माणूस दुसरा नाही भेटला.

दोन दिवसांनी आईला भिंतीला टेकवून बसवलं. समोरच्या भिंतीवर दादा घाटाच्या पायऱ्या उतरत आला, शेवाळ्यावर त्याचा पाय सरकला, आणि कितीतरी दिवस दुसरं काही न बोललेली आई मोठ्यानं ओरडली, "अरे हळू! पडशील!"

काकांनी डोळे पुसले आणि रीळ पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

"नाही पडला, वहिनी. सावरलं त्यानं. नीट बघा."